आप्पांची दाढ

दात काढणाऱ्या माणसाजवळ दोन गोष्टी न मागता साठत जातात. एक दात, दुसरे किस्से. दात मी काचेच्या बरणीत टाकत असे आणि बरणी भरली की आमचा मल्लाप्पा ती मागच्या परसात रिकामी करून यायचा. किश्शांची बरणी मात्र कुणी रिकामी केली नाही. कारण आमच्या धंद्यातच मेख आहे. पेशंट खुर्चीत असतो तेव्हा त्याचं तोंड उघडं असतं, पण बोलता येत नाही. मग जिना उतरला की तो सगळा वचपा काढतो! निपाणीच्या बाजारात एकाला सांगितलेली गोष्ट बेळगावला पोचायला सर्व्हिस मोटारीला लागे तेवढाच वेळ लागायचा. बेळगावहून पुढे बेळगुंदी, आणि बेळगुंदीला आमचे आप्पा.

आप्पा म्हणजे माझे वडील. अंगाने काटक, बोलायला कमी आणि खालच्या उजव्या बाजूच्या एका किडक्या दाढेने वर्षानुवर्षं हैराण झालेले. लवंग दाबून झाली, रुईचा चीक लावून झाला, रिंगणीच्या बियांचा धूर घेऊन झाला. पोरगा मुंबईला जाऊन दातांचा डॉक्टर होऊन आला, तरी ती दाढ काही ते माझ्या हातात द्यायला तयार नव्हते.

याला कारण एक दोडका. मी आठेक वर्षांचा असताना आईने परसातल्या वेलावरचा सगळ्यात चांगला दोडका बियाला सोडला होता. आमच्याकडे बियाला सोडलेल्या फळाला लाल चिंधी बांधतात, म्हणजे चुकून कुणी तोडू नये. आईने मला भाजीला दोडके आणायला पाठवलं आणि मी नेमका चिंधीवाला तेवढा तोडून आणला. मला वाटलं, खूण केलीय म्हणजे हाच न्यायचा असणार! त्या दिवशी आप्पा म्हणाले, "ह्येच्या हाताला डोळं न्हाईत." ते वाक्य माझ्या पदवीनेसुद्धा पुसलं गेलं नाही.

मोठ्या लढाईच्या आधी मी निपाणीत दवाखाना काढला, तेव्हा त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. "जगाचं दात काढ, माझ्या दाढंला हात लावायचा न्हाई." आणि दुसरी, "दोन वर्सं बघ. न्हाई चाललं तर परत ये. नांगर कुठं पळून जात न्हाई."

तर दोन वर्षांत दवाखाना चालवून दाखवायचा, आणि जमलं तर ती दाढ. माझं सगळं आयुष्य तेव्हा या दोन गोष्टींवर टांगलेलं होतं.

*

बेळगावात दातांचे दोन डॉक्टर आधीच होते. निपाणीत एकही नव्हता आणि गावाच्या तोंडात सदानकदा तंबाखू. अशा गावात आपल्याला मरण नाही, असं माझं गणित. तंबाखूच्या एका वखारीच्या माडीवर खोली घेतली. मुंबईहून जुनी खुर्ची आणली. पेशंटचं डोकं धरायला मल्लाप्पाला ठेवला. मल्लाप्पा एके काळचा पैलवान. पन्नाशीला आला होता, पण एकदा डोकं धरलं की ते मालकालाही परत मिळत नसे. त्याच्यात खोट एकच होती. जे दिसेल ते तो मोठ्यानं बोलायचा.

पहिला पेशंट तंबाखूचा व्यापारी, तवनाप्पा शेट. दाढ खालची, चांगली रुजलेली. मी चिमटा लावला, जोर केला आणि कट्ट् आवाज झाला.

"मोडली," मल्लाप्पानं जाहीर केलं.

मी डोळ्यांनी त्याला गप्प केलं, वरचा तुकडा शेटच्या हातात ठेवला आणि झालं म्हणून सांगितलं. शेट उठले आणि तो तुकडा घेऊन खिडकीपाशी गेले. तिथे त्यांनी तो उजेडात धरला, उलटा केला, बोटांत फिरवून बघितला. तंबाखूचं पान ते असंच बघत असणार. मग परत येऊन खुर्चीत बसले.

"डाक्टर, माल निम्माच हाय. देठ कुठाय?"

मी म्हटलं, मूळ काय, हळूहळू आपोआप वर येईल. पुस्तकात तसं कुठेतरी होतं म्हणा.

"एक देठ वला ऱ्हायला तर तंबाखूचा आख्खा बोद कुजतोय," शेट म्हणाले. "मी बसतो. तुम्ही काढा."

दीड तास लागला. मुळाचे तीन तुकडे निघाले. माझ्या पाठीवरून घामाची धार लागली होती आणि शेट मात्र निघालेला एकेक तुकडा रुमालावर मांडून जुळवत होते. आख्खी दाढ रुमालावर उभी राहिली तेव्हाच ते उठले. पुढे त्यांनी माझ्याकडे बरीच माणसं पाठवली, हे मान्य केलं पाहिजे. फक्त प्रत्येकाला सांगून पाठवायचे की हात वाईट नाही, पण माल तपासून घ्यावा. त्यामुळे माझा प्रत्येक पेशंट दात निघाला की आधी खिडकीपाशी जायचा!

*

बोरगावच्या हौसाक्का आल्या त्या सुनेला घेऊन. हौसाक्कांचा दात दुखत होता, पण त्याने त्यांच्या बोलण्यात काही फरक पडला नव्हता. जिन्यापासून खुर्चीपर्यंत त्या सुनेने केलेल्या आमटीबद्दल बोलत होत्या. इंजेक्शन देईपर्यंत आमटी संपून भाकरीवर आल्या होत्या.

दात सुरेख निघाला. मी जखमेवर कापसाचा बोळा ठेवला आणि म्हटलं, हा घट्ट चावून धरायचा, मी सांगेपर्यंत सोडायचा नाही. मला म्हणायचं होतं अर्धा तास. पण तेवढ्यात गाल सुजलेला एक गाडीवान आला, मी त्याच्यात गुंतलो आणि हौसाक्का केव्हा बैलगाडीत बसून गेल्या ते मला कळलंही नाही.

चौथ्या दिवशी त्या परत आल्या. तोंड गच्च मिटलेलं. काय होतंय म्हणून विचारलं तर बोटाने गाल दाखवला. उघडायला लावलं तर आत तोच बोळा! चार दिवस ही बाई दातांच्या फटीतून आंबील पीत होती, पण डॉक्टरचा शब्द तिने मोडला नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हात जोडून माफी मागितली, बोळा काढला आणि त्यासरशी चार दिवसांचं तुंबलेलं बोलणं धो धो सुरू झालं.

सासूबाई बोलत बोलत जिना उतरल्या. सून मागे रेंगाळली. तिने पदरातल्या ओंजळभर शेंगा माझ्या टेबलावर ठेवल्या आणि हळूच म्हणाली, "डाक्टर, तसला बोळा आणि एक मिळंल का? दात काढायचा नसला तरी चालंल."

*

माझ्या माडीखालच्याच वखारीत तंबाखू निवडायला येणाऱ्या दोन जावा होत्या. दोघींच्या दाढा एकाच दिवशी काढल्या. मी तेव्हा नवीन होतो, त्यामुळे दाढेबरोबर व्याख्यानही द्यायचो. मशेरी बंद, जखमेला बोट लावायचं नाही, दिवसातून सहा वेळा कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरायची. थोरली एकेका शब्दाला मान हलवत होती. धाकटी खिडकीतून खाली बघत होती.

तिसऱ्या दिवशी दोघी आल्या. एकीचा गाल भोपळ्याएवढा, तोंड बोटभरसुद्धा उघडेना, डोळ्यांना धारा. दुसरी खुशाल शेंगा खात होती. सुजलेली कोण असेल, ते मी आल्या आल्या ओळखलं आणि धाकटीवर तोंड टाकणार, तर सुजलेली थोरली निघाली!

विचारपूस केली. थोरलीने मी सांगितलं ते तंतोतंत केलं होतं. घरी पोचल्या पोचल्या पहिली चूळ, आणि तीही गाल फुगवून, खळखळून. जखमेत रक्ताची गाठ धरते, ती जखमेची खपली असते. ती धुऊन गेली की हाड उघडं पडतं आणि माणसाला ब्रह्मांड आठवतं. म्हणून चुळा भरायच्या त्या दुसऱ्या दिवसापासून. एवढ्या मोठ्या व्याख्यानात हे एक वाक्य सांगायचं मी विसरलो होतो. धाकटीने काय केलं म्हणून विचारलं, तर तिने मशेरीची चिमूट दाबून भरली होती. ते काही बरं नव्हतं, पण निदान गाठ जागेवर राहिली होती.

थोरलीला मी पंधरा दिवस लवंगेच्या तेलाची पट्टी भरत होतो. पहिल्याच दिवशी पट्टी भरताना धाकटी शेजारी उभी राहून तिला समजावत होती, "जाऊबाई, डाक्टरनं सांगितल्यालं समदं ऐकायचं नसतंय."

निपाणीतल्या बायांनी त्यानंतर नियमच केला. दात डॉक्टरकडे काढावा आणि औषध घरचं करावं.

*

चिकोडीच्या कोर्टात जाणारे एक वकील वाटेत दात काढायला थांबले. दुपारी त्यांची केस होती आणि तयारी झाली नव्हती, असं ते स्वतःच सांगत होते. दात निघाला, आख्खा, देठासकट. मी खूश झालो आणि म्हटलं, आता मिटा तोंड.

वकील तोंड मिटेनात. मला वाटलं घाबरलेत. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा जरा दरडावून सांगितलं. मग त्यांनी दोन्ही हातांनी जबड्याकडे खुणा केल्या तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जोर करताना मी त्यांचा जबडाच त्याच्या जागेतून निसटवला होता! असा जबडा बसवायची रीत आम्हाला कॉलेजात शिकवली होती. त्या दिवशी मी बहुधा गावी आलो होतो.

पुस्तक काढलं. बसवायला जोर लागणार होता, म्हणून ते काम मल्लाप्पाकडे दिलं आणि मी वाचू लागलो. दोन्ही अंगठे खालच्या मागच्या दाढांवर ठेवा. मल्लाप्पाने ठेवले. जोराने खाली दाबा. त्याने दाबलं. आता मागे ढकला. त्याने ढकललं, आणि खट्कन जबडा जागेवर बसला. वकिलांचं तोंड मिटलं. मल्लाप्पाचे दोन्ही अंगठे आतच होते.

मल्लाप्पा कुस्तीतला माणूस, त्याने हिसका देऊन अंगठे सोडवले. मी घाबरून पान उलटलं. वरच लिहिलं होतं की हे करण्यापूर्वी दोन्ही अंगठ्यांना जाड कापड गुंडाळावं. मी प्रामाणिकपणे तेही वाचून दाखवलं.

मल्लाप्पा अंगठे फुंकत म्हणाला, "डाक्टर, फुडल्या टायमाला पान आदी उलटा."

वकिलांचा जबडा मी रुमालाने डोक्यावरून बांधून दिला आणि दिवसभर बोलू नका म्हणून सांगितलं. ते तसेच कोर्टात उभे राहिले. न्यायाधीशांनी एकदा बघितलं आणि लगेच पुढची तारीख दिली. पुढच्या महिन्यात चिकोडीचे आणखी दोन वकील माझ्याकडे आले. दोघांचेही दात ठणठणीत होते!

हाही किस्सा बेळगुंदीला पोचला. आमच्या गावचा एक जण बाजाराला आला होता, त्याच्याकडून आप्पांचा निरोप आला. माणसाचं तोंड मिटायलासुद्धा ह्याला पैलवान लागतो काय, असं विचारलं होतं.

*

सिद्धू गाडीवानाची वरची दाढ काढली आणि तिचं मूळ होतं लांब, वर नाकाच्या पोकळीपर्यंत गेलेलं. चूळ भर म्हटलं तर पाणी नाकातून आलं. मी पुन्हा भरायला लावली, पुन्हा नाकातून. असं भोक शिवून टाकावं लागतं. मी सुईदोरा तयार करतो, तू विडी न ओढता बस, असं सांगून आत गेलो. बाहेर येऊन बघतो तर सिद्धू गायब.

तो मला दिसला थेट बाजारात. भोवती पन्नास माणसं. सिद्धू विडीचा झुरका तोंडाने घ्यायचा, ओठ गच्च मिटायचा, गाल फुगवायचा आणि धूर एकाच नाकपुडीतून सरळ रेघेत सोडायचा. मी गर्दीत शिरून म्हटलं, अरे चल, शिवून देतो. तर लोकच माझ्यावर भडकले. भोक पुढे आपोआप बारीक होत गेलं आणि सिद्धूने त्याबद्दल मला कधी क्षमा केली नाही.

यावर आप्पांचा निरोप असा, की माणसाला जादा भोक पाडलंस म्हणून ऐकलं. कान टोचायला गावात सोनार आहे, त्यासाठी मुंबईला कशाला गेला होतास?

*

इथपर्यंत लोक हसत होते आणि येतही होते. मीही हसत होतो. मग दोन वर्षं भरायला महिनाभर उरला असताना तो धिप्पाड शेतकरी आला.

बाजाराचा दिवस. माणूस एवढा दांडगा की खुर्ची कुरकुरली. बरोबर दोन भाऊ. मी इंजेक्शनची सुई उजेडात धरली, अजून त्याच्या तोंडाजवळही नेली नव्हती, आणि हा गडी डोळे पांढरे करून एका बाजूला कलंडला. घेरी आली होती, दुसरं काही नाही. डोकं खाली घेतलं आणि तोंडावर पाणी मारलं की दोन मिनिटांत माणूस उठतो. पण भावांनी मला ती दोन मिनिटं दिली नाहीत. एकाने पाय धरले, एकाने खांदे, आणि मोठमोठ्याने रडत त्याला जिन्यावरून खाली, भर बाजारात घेऊन गेले.

पुढच्या चौकात त्याला शुद्ध आली. तो उठून बसला आणि हॉटेलात दोन प्लेट भजी खाऊन गावी गेला. पण बाजाराने बघितलं होतं ते माझ्या जिन्यावरून उतरणारं मढं. भजी खाताना त्याला कुणीच बघितलं नाही!

त्यानंतर तीन आठवडे माझ्या जिन्यावर पाऊल वाजलं नाही. तवनाप्पा शेटसुद्धा खालून जाताना मान वर करेनात. मल्लाप्पा पेशंटच्या खुर्चीत बसून राहायचा आणि मी खिडकीत. खरं सांगतो, मला लाज वाटत होती आणि त्याहून जास्त भीती. आपल्या हाताला खरोखरच डोळे नाहीत, हे मला पटत चाललं होतं. शेवटी मी अवजारं पुसून पेटीत भरली आणि आप्पांना कार्ड टाकलं. दोनच शब्द लिहिले, परत येतो.

कार्डाचं उत्तर आलं नाही. आप्पा आले.

*

तेही बाजाराच्या दिवशी. नवा फेटा, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. मी खिडकीतून बघितलं तर ते बरोबर माझ्या पाटीखाली उभे राहून वखारीतल्या माणसांना मोठ्याने विचारत होते की दाताच्या डॉक्टरचा दवाखाना कुठला. दवाखान्याच्या पहिल्या दिवशी त्याच पाटीला त्यांनी स्वतःच्या हाताने नारळ फोडला होता! पण त्याला दोन वर्षं होत आली होती आणि वखारीत त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. या डॉक्टरकडे जायचं धाडस करणारा हा कोण म्हातारा, म्हणून लोक जमले. कुणी तरी त्यांना जाऊ नका म्हणून सांगितलंही. आप्पा जिना चढले आणि त्यांच्यामागे पंधरा-वीस माणसं चढली. पुढे तवनाप्पा शेट.

आप्पा खुर्चीत बसले, काठी मांडीवर आडवी ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बेळगुंदीस्नं आलोय, डाक्टर. लई नाव ऐकलंय तुमचं."

वडिलांनी मला आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टर म्हटलं होतं, अहोजाहो केलं होतं. मल्लाप्पा त्यांना ओळखत होता. तो काही बोलायला लागला तसा मी त्याच्या पायावर पाय दिला.

मी इंजेक्शन दिलं. बधिर व्हायला थांबलो आणि मग आत बघितलं. जन्मभर तंबाखू खाल्लेलं तोंड ते, सगळे दात सारखेच काळे. नेमकी कुठली दुखते हे सुई टोचण्याआधी विचारायला हवं होतं. ते मी आत्ता विचारलं. चिमट्याच्या टोकाने एकेका दाढेवर ठोकत गेलो आणि ही दुखते का, ही दुखते का, म्हणून विचारत राहिलो.

"आता कुठलीच न्हाई," आप्पा म्हणाले.

दारातली माणसं वाहवा करत एकमेकांकडे बघू लागली. मी मात्र चिमटा थांबवला. बधिर केल्यावर कुठली दुखणार? थांबावं, आप्पांना म्हणावं की दोन तासांनी बघू. पण वीस जण बघत होते, आणि तीन आठवड्यांनी जिना भरला होता. मला ते म्हणवलं नाही. मनाशी अंदाज केला, चिमटा लावला आणि ओढलं.

अशी दाढ मी आयुष्यात काढली नव्हती. न मोडता, न झगडता, दोन्ही मुळांसकट अल्लद बाहेर आली. मी ती उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा बघितली. मल्लाप्पानेही बघितलं. जन्मात पहिल्यांदा तो दिसलेलं बोलला नाही.

आप्पांनी तोंडात जीभ फिरवली. माझ्याकडे एकदा बघितलं. मग माझ्या हातातून दाढ घेतली आणि उठून ती तवनाप्पा शेटच्या तळहातावर ठेवली. शेट खिडकीपाशी गेले. उलटी केली, सुलटी केली.

"देठासकट हाय," ते म्हणाले. "कीड म्हणून न्हाई कुठं. एक नंबर माल."

"कळलं सुदिक न्हाई मला," आप्पा म्हणाले, फेटा सारखा केला आणि जिना उतरून गेले.

त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत अकरा जण खुर्चीत बसले. मल्लाप्पाचे हात भरून आले.

संध्याकाळी मी धावत मोटारस्टँडवर गेलो. आप्पा घोंगड्यावर बसले होते, उजवा गाल हातात धरून. बधिरपणा उतरला होता आणि किडकी दाढ तिच्या जागेवर शाबूत होती. मी शेजारी बसलो.

"चुकली न्हवं रं?" त्यांनीच विचारलं.

मी होय म्हटलं. मग तिथेच का बोलला नाहीत, असं विचारलं.

"लोकं बसली हुती," ते म्हणाले. मग मोटारीच्या वाटेकडे बघत म्हणाले, "परत दोडकाच तोडलास, दत्तू."

मोटार आली. पायरीवर उभं राहून त्यांनी सांगितलं की पुढच्या बाजाराला सकाळी, लोक यायच्या आत येतो.

*

आणि आले. आदल्या दिवशीच बेळगुंदीहून निघून निपाणीत ओळखीच्याकडे उतरले होते. वखार उघडायची होती, जिन्यावर कुणी नव्हतं. आप्पा एक शब्द न बोलता खुर्चीत बसले. मल्लाप्पाने मागून डोकं धरलं, आणि ते आता सुटणार नव्हतं. या वेळी मी शहाणा झालो होतो. सुई बाजूला ठेवली आणि म्हटलं, "आप्पा, आधी बोट लावून दाखवा, कुठली ते."

"दावायची गरज न्हाई. तुझ्या आईनं काल सकाळभर बसून बंदोबस्त केलाय," असं म्हणून आप्पांनी आ केला.

मी आरसा घेऊन वाकलो. खालची उजवी बाजू. सुळा, त्यामागच्या दोन बारक्या दाढा, मग मी पाडलेलं खिंडार, आणि अगदी शेवटची अक्कलदाढ. खिंडार सोडून चारींना लाल सुताचे फास, घट्ट गाठी मारून बांधलेले. खिंडारामागची काळी, किडकी दाढ तेवढी मोकळी.

मल्लाप्पाही माझ्या खांद्यावरून वाकला. त्याचा जन्म तालमीत गेलेला, बियाला सोडलेला दोडका त्याने कधी बघितला नव्हता. त्याने नीट निरखलं, मोजलं आणि हातांची पकड आणखी घट्ट केली.

"चार बांधल्यात, डाक्टर," तो म्हणाला. "चारी काढायच्या व्हय?"

आप्पांचं तोंड उघडं होतं. त्यांना बोलता येत नव्हतं.